फोन जवळ नेला की फोटो धूसर का येतो?

वर्तकनगरमधली आजीची म्हाडाची जुनी इमारत पुनर्विकासाला गेली. घर रिकामं करायच्या दिवशी मी फोनवर दोनेकशे फोटो काढले: मोझॅकची लादी, खिडकीचे गज, जिन्याचा गुळगुळीत झालेला कठडा. सगळ्यात महत्त्वाचा फोटो होता दाराच्या चौकटीवरच्या पेन्सिलच्या रेघांचा. दर वाढदिवसाला आजी माझी आणि ताईची उंची तिथे मांडायची.

आठवड्याने लॅपटॉपवर पाहिलं, तर रेघा धूसर आणि मागची भिंत एकदम स्पष्ट! तोवर चावी देऊन झाली होती. हे तुमच्या बाबतीत होऊ नये, म्हणून हा लेख.

नेमकं काय होतं?

वस्तू जितकी जवळ, तितकं भिंग सेन्सरपासून लांब सरकावं लागतं. फोनच्या जाडीत त्यासाठी फारच थोडी जागा असते. त्यामुळे एका ठरावीक अंतराच्या आत फोकस होतच नाही. बऱ्याच फोनच्या मुख्य कॅमेऱ्यात हे अंतर साधारण १० सेंमी किंवा जास्त असतं. सेन्सर मोठा, तर बहुतेकदा हे अंतरही मोठं. म्हणजे महागडा फोन इथे उलट जास्त अडतो!

मग करायचं काय?

१. मागे या. वीसेक सेंमीवर थांबा आणि २x वर जा. ४८-५० मेगापिक्सेलच्या अनेक फोनमध्ये २x ला सेन्सरचा मधला भाग वापरला जातो, त्यामुळे बारकावे बऱ्यापैकी टिकतात.

२. मॅक्रो मोड पाहा. काही फोनमध्ये अल्ट्रावाइड कॅमेऱ्याला ऑटोफोकस असतो. २०२१च्या आयफोन १३ प्रोमध्ये तो २ सेंमीपर्यंत जवळ जातो. पण इतक्या जवळ फोनचीच सावली पडते, हे लक्षात ठेवा. स्वस्त फोनमधल्या २ मेगापिक्सेलच्या मॅक्रो कॅमेऱ्यापेक्षा मात्र पहिला उपाय बरा.

३. फोकस लॉक करा. हव्या त्या जागी स्क्रीनवर बोट दाबून धरा. बहुतेक फोनमध्ये फोकस आणि उजेड दोन्ही तिथेच थांबतात. मी हेच केलं नव्हतं.

४. फ्लॅश बंद, खिडकी उघडी. समोरून पडणारा उजेड पृष्ठभाग सपाट दाखवतो. बाजूने तिरपा उजेड आला की प्रत्येक खाचेला सावली मिळते आणि लाकडाच्या रेषा, भिंतीचे पोपडे उठून दिसतात. सकाळचं किंवा संध्याकाळचं ऊन यासाठी उत्तम.

५. तिथेच झूम करून तपासा. छोट्या स्क्रीनवर सगळेच फोटो छान दिसतात! आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर फोटो आक्रसतो आणि बारकावे जातात.

तो धूसर फोटो मी आजीला भाड्याच्या घरी नेऊन दाखवला. तिने चष्मा लावला, स्क्रीनवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "ही तुझी चौथीतली. त्या वर्षी ताई तुझ्यापेक्षा बोटभरच उंच होती." मला स्क्रीनवर नुसता करडा पट्टा दिसत होता. तिला रेघा पाठ होत्या.

मला त्या पाठ नाहीत. म्हणून आता आजीचा अडकित्ता, तिच्या अक्षरातली डब्यांवरची नावं, देवघरातली काजळी, सगळ्याचे फोटो काढतोय. वीस सेंमीवरून, खिडकीच्या उजेडात, फोकस लॉक करून. तुमच्याही घरात अशी एखादी चौकट असेल. ती आहे तोवर फोटो काढून घ्या.