विमान उडतं मैदानात, ठरतं टेबलावर

९ ऑगस्ट २००३. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या केप स्पिअरहून एक छोटं विमान हातानंच हवेत सोडण्यात आलं. पंखांची लांबी या टोकापासून त्या टोकापर्यंत १.८ मीटर, इंधनासकट वजन ५ किलोच्या आत, सांगाडा बाल्सा लाकडाचा. जवळपास ३९ तासांनी, ११ ऑगस्टला, ते आयर्लंडमध्ये क्लिफडनजवळ उतरलं. मधला सुमारे ३,००० किलोमीटरचा अटलांटिक त्यानं जीपीएस आणि ऑटोपायलटच्या भरवशावर ओलांडला; सुरुवातीला आणि उतरताना तेवढा रिमोट माणसांच्या हाती होता. हे विमान बनवणारे मेनार्ड हिल तेव्हा ७७ वर्षांचे होते. त्यांना दिसायचं जेमतेम आणि ऐकायलाही फारसं यायचं नाही. बांधणीचं बरंचसं काम त्यांनी बोटांनी चाचपून केलं होतं.

रिमोटवर उडणारी विमानं, म्हणजे आरसी, शिकायला येणाऱ्या बहुतेकांना वाटतं की सगळी कमाल अंगठ्यांची. पण नवशिक्याचं विमान वाचतं ते बरंचसं बांधणीमुळे.

म्हणून पहिलं विमान ‘ट्रेनर’ असावं. त्याचा पंख धडाच्या वर बसवलेला असतो आणि पंखांची टोकं किंचित वर उचललेली असतात. असं विमान एका बाजूला कललं की त्या बाजूला घसरू लागतं. मग खालच्या पंखाला वारा जास्त कोनात लागतो आणि तो आपसूक वर येतो. गडबडलेल्या शिकाऊनं रिमोटची स्टिक नुसती सोडून दिली, तरी पुरेशी उंची असेल तर असं विमान बहुधा स्वतःला सावरून घेतं. लढाऊ विमानाची देखणी प्रतिकृती ही सवलत देत नाही.

बाल्सा हलकं आणि मजबूत, पण महाग; शिवाय मोडलं की दुरुस्तीला वेळ खातं. त्यामुळे हल्ली सुरुवात फोमच्या शीटवर होते. कटर, स्टीलची पट्टी आणि हॉट ग्लू एवढ्यावर सांगाडा उभा राहतो. पुढे मोटर आणि प्रोपेलर, मोटरचा वेग सांभाळणारा ईएससी, लिथियम पॉलिमर बॅटरी, रिमोटचे संकेत पकडणारा रिसीव्हर आणि पंख-शेपटीच्या झडपा हलवणारे बोटभर सर्व्हो. झडपा तीन प्रकारच्या: विमान कलवणारे एलेरॉन, नाक वर-खाली करणारा एलिव्हेटर आणि डावी-उजवीकडे वळवणारा रडर.

सगळं चिकटवून झालं की खरी परीक्षा. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश अंतरावर दोन्ही बाजूंना पेनानं खूण करायची आणि तिथे बोटं टेकवून विमान उचलायचं. ते आडवं किंवा नाकाकडे जरासं झुकलेलं राहिलं पाहिजे. शेपूट खाली गेली तर बॅटरी बोटभर पुढे सरकवायची आणि पुन्हा उचलायचं. नाक जड झालेलं विमान आळशासारखं उडतं, पण उडतं. शेपूट जड झालेलं बहुतेक वेळा पहिल्याच उड्डाणात जमिनीत नाक खुपसतं. दुसरी तपासणी झडपांची. स्टिक उजवीकडे नेल्यावर उजवा एलेरॉन वर गेला पाहिजे. तो खाली गेला, तर सर्व्होची दिशा उलटी आहे. हे टेबलावर लक्षात आलं नाही, तर हवेत कळून उपयोग नसतो.

रेडिओची काळजी मात्र आता फारशी करावी लागत नाही. १९३७ साली अमेरिकेतल्या कॅलमाझू गावी वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी ‘गफ’ हे विमान रेडिओवर उडवलं, तेव्हा रेडिओच्या व्हॉल्व्हचं आणि जड बॅटऱ्यांचं ओझं विमानालाच वाहावं लागे. ‘गफ’ आता स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. पुढेही कितीतरी वर्षं मैदानावर दोघांनी एकाच फ्रिक्वेन्सीचा रिमोट चालू केला की विमान पडे. २.४ गिगाहर्ट्झच्या रिमोटनी ती भीती जवळपास संपवली.

हवेत गेल्यावर चकवते ती दिशा. विमान लांब जात असतं तोवर त्याचं उजवं ते आपलं उजवं. ते वळून आपल्याकडे येऊ लागलं की सगळं उलटं, ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर मागे घेताना होतं तसं. यावर जुन्या खेळाडूंचा उपाय सोपा आहे: समोरून येणाऱ्या विमानाचा जो पंख खाली दिसेल, त्याच बाजूला स्टिक न्यायची, पंख वर येतो. हे बोटांत मुरवण्यासाठी संगणकावरचं सिम्युलेटर उत्तम. तिथे पंख मोडला तरी बटण दाबलं की नवा.

दुसरा घात उतरताना होतो. जमीन जवळ आली की नवखा घाबरून थ्रॉटल, म्हणजे मोटरचा जोर, कमी करतो आणि नाक वर खेचतो. वेग घटतो, पंखावरून वाहणारी हवा पृष्ठभाग सोडते आणि विमान दगडासारखं कोसळतं. हाच स्टॉल. उपाय मनाविरुद्धचा: नाक खाली करून वेग परत मिळवायचा. तो सराव भरपूर उंचीवर मुद्दाम करून घेतात. उतरायचं नेहमी वाऱ्याच्या तोंडावर. पाठीमागून वारा असेल तर विमान जमिनीवरून भरधाव दिसतं, हवेतला वेग मात्र कमी असतो. फसून आणखी हळू केलं की संपलं.

मैदान निवडताना भारतात ड्रोन नियम, २०२१ पाहावे लागतात. त्यांत २५ किलोपर्यंतच्या, छंदासाठी किंवा शिक्षणासाठी नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या मॉडेल विमानांचा वेगळा उल्लेख आहे. ‘ग्रीन झोन’मध्ये, म्हणजे पूर्वपरवानगी न लागणाऱ्या हवाई पट्ट्यात, साधारण ४०० फुटांपर्यंत मुभा आहे. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट होते, त्याहून जवळ परवानगी लागते. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत म्हणूनच घराजवळचं मैदान गृहीत धरता येत नाही. आधी ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा आणि नोंदणीचे नियम बघावेत. जागा मोकळी, शक्यतो गवताची, आणि वेळ सकाळची असावी. ऊन चढलं की वारा सुटतो, आणि हलक्या फोमच्या ट्रेनरला तो पहिल्या दिवशी झेपत नाही.