‘ॲव्हेंजर्स’चा दोनशेवा अंक

मराठी वाचकांच्या एका पिढीचा चित्रकथांशी परिचय झाला तो इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळामुळे आणि जादूगार मँड्रेकमुळे. त्या कथांत नायक एकच असे आणि गोष्ट बहुतेक वेळा हातातल्या अंकातच संपून जाई. अमेरिकेतल्या महानायकांच्या चमूंच्या मालिका मात्र निराळ्या धर्तीच्या आहेत. त्या दर महिन्याला, दशकानुदशके चालतात. लेखक आणि चित्रकार बदलत राहतात, पात्रांची मालकी प्रकाशन संस्थेकडे असते आणि आधीच्या अंकांत जे घडले ते पुढच्या लेखकाला घडलेलेच मानावे लागते. एखादी कादंबरी फसली तर वाचक ती विसरून जातो. अशा मालिकेतला अंक फसला तर तो पात्राच्या चरित्रात कायमचा जाऊन बसतो. मग त्याचे करायचे काय, हा प्रश्न मार्व्हल प्रकाशनापुढे 1980 साली उभा राहिला.

‘ॲव्हेंजर्स’ ही मालिका स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी 1963 साली सुरू केली. थॉर, आयर्न मॅन, हल्क, अँट-मॅन आणि वास्प यांचा हा मूळ चमू. पुढे सभासद बदलत गेले. 1979 साली चमूत कॅरल डॅन्व्हर्स आली. हे पात्र 1968 सालचे. सुरुवातीला ती अग्निबाण तळावरची सुरक्षा अधिकारी होती. 1977 साली ‘मिझ मार्व्हल’ या नावाने तिची स्वतंत्र मालिका निघाली. कुमारी की विवाहिता हे न सांगणारे ‘मिझ’ हे संबोधन तेव्हाच्या स्त्रीमुक्ती चळवळीने रूढ केले होते, आणि ते या नावात जाणूनबुजून घेतले होते. पहिल्याच अंकात कॅरल एका स्त्रियांच्या मासिकाची संपादक होते. पाककृती आणि वजन घटवण्याच्या युक्त्या छापायला नकार देते, पगाराची घासाघीस करते. तिसऱ्या अंकापासून ख्रिस क्लेअरमाँट तिच्या कथा लिहू लागले. 23 अंकांनंतर, 1979 साली ती मालिका बंद पडली.

ऑक्टोबर 1980 ही तारीख छापलेला ‘ॲव्हेंजर्स’चा दोनशेवा अंक दुप्पट जाडीचा होता. जॉर्ज पेरेझ यांची रेखाटने उत्तम होती आणि वाचकांच्या अपेक्षाही मोठ्या होत्या. कथा अशी : कॅरलला अचानक दिवस गेल्याचे कळते. गर्भ काही दिवसांतच पूर्ण वाढतो. मूल जन्मते, आणि पाहता पाहता प्रौढ पुरुष होते. त्याचे नाव मार्कस. तो सांगतो, की लिंबो नावाच्या कालातीत प्रदेशात तो अडकला होता. तिथून सुटायचे तर पृथ्वीवर जन्म घेणे भाग होते. म्हणून त्याने कॅरलला तिकडे ओढून नेले, तिचे मन वळवले, त्यासाठी वडिलांच्या यंत्रांची थोडीशी मदत घेतली, मग तिची आठवण पुसून तिला परत पाठवले. त्याच्या नव्या यंत्रामुळे पृथ्वीवर काळाची उलथापालथ होऊ लागते, तेव्हा हॉकआय ते यंत्र मोडतो. आता मार्कसला परत जावेच लागणार असते. कॅरल म्हणते, की मलाही याच्याबद्दल काहीतरी वाटते आहे, मी याच्याबरोबर जाते. सहकारी तिला निरोप देतात. ती सुखात राहील असे आपण मानायचे, एवढ्या दिलाशावर अंक संपतो.

या कथेत घटनांचा गोंधळ आहे, शेवट उरकलेला आहे. पण तेवढ्यावरच ती फसली असती तर आज तिची चर्चा झाली नसती. तिचा खरा दोष सहकाऱ्यांच्या वागण्यात दिसतो. सुरुवातीला कॅरल बाळाकडे पाहायलाही तयार नसते. आपला वापर झाला आहे, असे ती स्पष्ट सांगते. वास्प मात्र बाळाचे कौतुक करत राहते, बीस्ट थट्टामस्करी करतो. पुढे यंत्रांची मदत घेतल्याची कबुली मार्कस सर्वांसमक्ष देतो, तरीही एकाच्याही मनात शंका येत नाही. ज्याने एकदा यंत्राने मन वळवले, त्याच्याविषयी आत्ता वाटणारी ओढ खरी कशावरून, एवढे विचारायलाही कोणी पुढे येत नाही. संकटात एकमेकांना सांभाळणे हेच अशा चमूच्या कथेचे प्रयोजन असते. इथे संकट घरातच होते आणि चमूने त्याला शुभेच्छा दिल्या.

हे छापले कसे गेले? कथासूत्राचे श्रेय त्या अंकात चौघांना दिलेले आहे : मुख्य संपादक जिम शूटर, पेरेझ, बॉब लेटन आणि संवादलेखक डेव्हिड मिशेलिनी. मार्व्हलच्या तेव्हाच्या पद्धतीत आधी कथेचा आराखडा ठरे, त्यावरून चित्रे काढली जात आणि संवाद सर्वांत शेवटी लिहिले जात. चार जणांनी जुळवलेल्या कथेत दोष कोणा एकाच्या नजरेस पडायला हवा होता, पडला नाही. मुखपृष्ठावर कॉमिक्स कोडचा शिक्काही होता. 1954 साली अमेरिकी प्रकाशकांनी स्वतःवर घालून घेतलेल्या या आचारसंहितेत बलात्कार दाखवणे किंवा सुचवणे वर्ज्य होते. तरीही अंक बिनबोभाट सुटला. याचा अर्थ असा, की गोष्टीत काय घडते आहे हे तपासणाऱ्यांनाही दिसले नाही. प्रेमकथेची वेशभूषा पुरेशी ठरली.

ते दिसले एका वाचक स्त्रीला. कॅरल स्ट्रिकलँड यांनी चाहत्यांच्या एका नियतकालिकात लेख लिहिला आणि त्याच्या शीर्षकातच या घटनेला बलात्कार म्हटले. मनावर ताबा मिळवून घेतलेला होकार हा होकार नव्हे, हा त्यांचा मुद्दा आज साधा वाटतो. महानायकांच्या कथांच्या वाचकवर्गात तो 1980 साली साधा नव्हता.

दुसरे उत्तर कथेतूनच आले. 1981 सालचा ‘ॲव्हेंजर्स’चा दहावा वार्षिक अंक क्लेअरमाँट यांनी लिहिला, मायकेल गोल्डन यांनी चितारला. लिंबोत मार्कस झपाट्याने म्हातारा होऊन मेला. कॅरल परत येऊन सॅन फ्रान्सिस्कोत एकटीच राहू लागली आणि जुन्या सहकाऱ्यांना तिने कळवलेही नाही, असे त्यात उघड होते. शेवटच्या पानांवर ते तिला भेटायला येतात. तू तर त्याच्यावर प्रेम करत होतीस, असा त्यांचा समज असतो. तेव्हा ती त्यांना सुनावते, की मी तुमच्याकडे मदतीच्या आशेने आले होते आणि तुम्ही मला त्याच्या स्वाधीन केलेत. हा दोष नुसता पात्रांवर नाही. त्या पात्रांच्या तोंडी आनंदाचे शब्द घालणाऱ्यांवरही आहे, आणि तो त्याच मालिकेच्या नावाखाली छापला गेला. दोनशेवा अंक रद्द करायची सोय क्लेअरमाँट यांना नव्हती. त्यांनी त्यातली एकही घटना बदलली नाही, फक्त ती जिच्यावर गुदरली तिला बोलू दिले.

मात्र या दुरुस्तीचेही फार गुणगान करता येत नाही. त्याच अंकात रोग नावाची नवी खलनायिका कॅरलची शक्ती आणि स्मृती हिरावून घेते. प्रोफेसर एक्सच्या मदतीने आठवणी परततात, पण त्यांच्यामागच्या भावना परतत नाहीत. म्हणजे तिला न्याय मिळतो तोही आणखी एक हानी सोसूनच. 1999 साली गेल सिमोन यांनी कथानकाच्या सोयीसाठी मारल्या, छळल्या किंवा शक्तिहीन केल्या गेलेल्या स्त्री-पात्रांची यादी केली. तिच्यात मिझ मार्व्हलचे नाव आहे.

2012 साली केली स्यू डेकॉनिक यांच्या लेखणीतून कॅरल ‘कॅप्टन मार्व्हल’ झाली. 2019 साली त्याच नावाचा चित्रपट आला, तो आपल्याकडेही मुलांनी पाहिला. त्यात मार्कस नाही, लिंबो नाही. मुलांना त्यातून वाईट वाटायचे कारण नाही. पण लिहिणाऱ्याने आणि संपादन करणाऱ्याने ते दोन जुने अंक एकापाठोपाठ वाचावेत. पहिल्यात कॅरल सुरुवातीलाच खरे काय ते बोलते. तिच्या सहकाऱ्यांना आणि लेखकांना ते ऐकू यायला एक वर्ष लागले.