वेदना शमली, रोग नव्हे
मध्यरात्री पायाचा अंगठा अकस्मात लाल होऊन सुजला, पांघरुणाचा स्पर्शही सोसवेना, तर वाचकहो, तो ‘गाऊट’ असू शकतो. रक्तातील युरिक ॲसिड प्रति डेसिलिटर ६.८ मिलिग्रॅमहून वाढले की त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यांत साचू शकतात. आठवड्या-दोन आठवड्यांत वेदना शमते. स्फटिक मात्र तेथेच राहतात. ऐन दुखण्यात केलेल्या तपासणीत हे प्रमाण कधी सामान्यही दिसते. म्हणून ती दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करावी. मद्य, कलेजी, तारली टाळावी. डाळींचे भय नको. डॉक्टरांनी ॲलोप्युरिनॉल दिले असल्यास वेदना नसतानाही ते नियमित घ्यावे. प्रमाण सातत्याने ६ च्या खाली राहिले, तर साचलेले स्फटिकही हळूहळू विरघळतात.