डेटाबेस कंटेनरमध्ये नेला आणि एक खातं 'हरवलं'

कंटेनर म्हणजे काय ते मागच्या भागात ऐकलंत. आज त्यात डेटाबेस कसा हलवायचा ते, आणि सोबत माझी फजिती.

राजुऱ्यात माझ्या मामाचं कृषी केंद्र आहे. बियाणं, खतं आणि हंगामभराची उधारी. ही सगळी उधारी दुकानातल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर होती, उबुंटू १८.०४ वरच्या पोस्टग्रेस १० मध्ये. मशीन बंद पडलं तर सगळं कुठेही पटकन उभं करता यावं, म्हणून मी ते डॉकरमध्ये न्यायचं ठरवलं.

इथे आपला राजुराच उदाहरणाला घ्या. १९५६ पर्यंत हा तालुका हैदराबाद राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. मग नांदेड जिल्ह्यात गेला आणि १९५९ मध्ये तेव्हाच्या चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यात आला. जिल्हा दोनदा बदलला, पण शेतं जागची हलली नाहीत. कंटेनर म्हणजे जिल्हा, डेटा म्हणजे शेत. कंटेनर आज काढला, उद्या नवा केला, असं चालतंच. म्हणून डेटा बाहेर, नाव दिलेल्या व्हॉल्यूममध्ये ठेवायचा. एवढं मला माहीत होतं.

मग मी काय केलं? जुना सर्व्हर थांबवला, डेटाचं फोल्डर जसंच्या तसं व्हॉल्यूममध्ये टाकलं. उबुंटू कॉन्फिग फाइल वेगळ्या जागी ठेवतं, तीही आणून दिली. पोस्टग्रेस १० चाच कंटेनर सुरू केला. चालला की! मी खुशीत जेवायला गेलो.

चार दिवसांनी मामाचा फोन. "अरे, एक-एक नंबरचं खातंच दिसत नाही. मी नवीन उघडलं."

खाते क्रमांक '१-१', '११' असे होते. अक्षरांचा क्रम पोस्टग्रेस स्वतः ठरवत नाही, खालच्या सिस्टिमच्या ग्लिबसी नावाच्या लायब्ररीला विचारतो. तिच्या २.२८ आवृत्तीत, २०१८ साली, हा क्रम बदलला. आधी '११' अगोदर यायचं, आता '१-१' येतं. उबुंटू १८.०४ वर २.२७ होती, डॉकर इमेजमध्ये त्यापुढची. म्हणजे इंडेक्स जुन्या क्रमाने रचलेला आणि शोध नव्या क्रमाने. खातं टेबलमध्ये होतंच, फक्त सापडत नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे एकच नंबर दोनदा पडू नये म्हणून लावलेली अटही त्याच इंडेक्सवर उभी, त्यामुळे दुसरं खातं बिनबोभाट उघडलं. एकाच शेतकऱ्याची उधारी दोन ठिकाणी! इंडेक्स नव्याने बांधायला गेलो तर नंबर दोनदा आहे म्हणून एरर.

नशीब, जुना सर्व्हर मी पुसला नव्हता. तो पुन्हा सुरू केला, पीजी-डंपने डेटा काढला आणि रिकाम्या व्हॉल्यूमवरच्या नव्या कंटेनरमध्ये भरला. डंपमध्ये रचलेला इंडेक्स येत नाही, तो कसा बांधायचा याची आज्ञा येते. त्यामुळे तो तिथल्याच क्रमाने बांधला जातो. मधल्या चार दिवसांची बिलं मात्र मी आणि मामानं कागदावरून हाताने भरली, रात्री साडेअकरापर्यंत. मामा चहा पाजत होता, पण बोलत नव्हता.

आणखी एक. इमेजच्या नावात नुसतं 'लेटेस्ट' नको, डेबियनची आवृत्तीही लिहा, जसं '१७-बुकवर्म'. नाहीतर पुढे इमेज बदलली की खालची लायब्ररीही बदलते आणि हाच प्रकार घरबसल्या होतो.