गोधडी कुणाला द्यायची? अमेरिकेतल्या वर्गांत गाजणारी एका घरची गोष्ट

शिकून मोठी झालेली मुलगी घरी येते आणि आजीच्या हातच्या गोधड्या मागते. पण त्या धाकटीला लग्नात द्यायचं आधीच ठरलंय. आईनं काय करावं?

अमेरिकेतल्या अनेक शाळा-कॉलेजांत या प्रश्नावर चर्चा रंगते. कथेचं नाव 'एव्हरीडे यूज', म्हणजे रोजचा वापर. लेखिका ॲलिस वॉकर, साल १९७३. त्या कृष्णवर्णीय, जॉर्जिया राज्यात दुसऱ्याची जमीन वाट्यानं कसणाऱ्या घरात जन्मलेल्या.

काय आहे गोष्ट?

थोरली डी. आईनं आणि चर्चनं पैसे जमवून तिला शिकवलं. कॉलेजला जाताना आईनं गोधडी देऊ केली, तर 'जुनाट' म्हणून नको म्हणाली. आता आफ्रिकी नाव घेऊन आलीय आणि त्याच गोधड्या तिला शोभेसाठी टांगायच्यात. त्यात पणजोबांच्या यादवी युद्धातल्या गणवेशाचाही तुकडा आहे.

धाकटी मॅगी आगीत भाजलेली, बुजरी. ती म्हणते, ताईलाच दे, मला आजी गोधडीशिवायही आठवते. ते ऐकून आई गोधड्या डीच्या हातून काढून मॅगीच्या मांडीवर टाकते.

वर्गात काय शिकवायचं?

मुलं पटकन मॅगीची बाजू घेतात. शिक्षकानं तिथंच थांबू नये. डीचं म्हणणं आहे, मॅगी रोज वापरून पाच वर्षांत चिंध्या करेल. हे खोटं नाही. पण आईचं उत्तर असं, मॅगीला गोधडी शिवता येते, ती नवी करेल. म्हणजे वारसा वस्तूत असतो की हातातल्या कलेत? कथेची गाठ इथं आहे.

नावाचंही तसंच. डीला वाटतं, जुनं नाव अत्याचार करणाऱ्यांकडून आलं. आई सांगते, ते मावशीचं आणि आजीचं. दोघींच्या बोलण्यात तथ्य आहे.

आणखी एक गोष्ट मुलांच्या लक्षात आणून द्यावी: सगळी हकिकत आईच सांगते. डीची बाजू आपण ऐकलेलीच नाही. म्हणून एक चांगला अभ्यास असा, हीच गोष्ट डीच्या तोंडून लिहायची. मग मुलांना कळतं, घरातल्या भांडणात कोण सांगतंय यावर बरंच ठरतं.

घरात शिकणारी मुलं असतील तर आज रात्री ही गोष्ट सांगून बघा. गोधडी कुणाला द्याल, हे विचारा. आणि उत्तर आलं की 'का?' हेही विचारा.