सिरोसिस : प्रत्येकाला एंडोस्कोपी हवीच का?

सिरोसिसमध्ये यकृत कडक होते, रक्त अडते आणि पोर्टल शिरेतला दाब वाढतो. अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात. त्या फुटल्यास जीवावर बेतते. दाब अचूक मोजायचा तर मानेच्या शिरेतून नळी यकृतापर्यंत न्यावी लागते.

सोपा पर्याय काय?
फायब्रोस्कॅन. उपाशीपोटी, उजव्या बरगड्यांमध्ये यंत्र टेकवून कडकपणा मोजतात. सोबत प्लेटलेटची रक्तचाचणी.

आकडे काय सांगतात?
पोटात पाणी किंवा रक्तस्राव झाला नसेल, कडकपणा २० किलोपास्कलपेक्षा कमी आणि प्लेटलेट दीड लाखांवर असतील, तर २०१५ च्या बावेनो-६ निकषांनुसार एंडोस्कोपी टाळता येते. मात्र दोन्ही चाचण्या दरवर्षी कराव्यात. प्लेटलेट घटल्यास किंवा कडकपणा वाढल्यास एंडोस्कोपी करावी. रक्ताची उलटी किंवा काळी शौच झाल्यास तातडीने रुग्णालय गाठावे.