बारा गुण कोणाला?

गाण्याला गुण द्यावेत का, आणि द्यायचेच तर ते कोणी द्यावेत, हा प्रश्न पुण्याला नवा नाही. जाणकाराची मान डोलली पाहिजे, असे एक पक्ष म्हणतो. मागच्या रांगेतून 'वन्समोर' आला पाहिजे, असे दुसरा म्हणतो. आमच्यापुढे मात्र हा प्रश्न उभा राहिला तो सदाशिव पेठेतल्या एका दहा बाय बाराच्या खोलीत, रात्री साडेबारा वाजता.

त्याचे असे झाले. १७ मे २०२५ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझल शहरात 'युरोव्हिजन' या गीतस्पर्धेची अंतिम फेरी होती. तिकडे रात्रीचे नऊ, म्हणजे आपल्याकडे मध्यरात्र उलटून अर्धा तास. संगणकाभोवती आम्ही पाचजण बसलो होतो: सोलापूरकर, नागपूरकर, बेळगावकर, रत्नागिरीकर आणि पेठेतला म्हणून मी. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी "आवाज बारीक ठेवा रे" अशी तंबी दिली होती. चहाचा थर्मास आणि चिवड्याचा डबा एवढी शिदोरी. आमच्यात गाणे रीतसर शिकलेला एकच, बेळगावकर. बाकीचे आम्ही श्रोते.

ही स्पर्धा प्रथम २४ मे १९५६ रोजी स्वित्झर्लंडमध्येच, लुगानो येथे झाली. तेव्हा देश अवघे सात आणि प्रत्येकाची गाणी दोन. परीक्षकांनी गुप्तपणे गुण दिले, यजमान देशच पहिला आला आणि ते गुण पुढे कधी प्रसिद्ध झालेच नाहीत! आपल्याकडच्या एखाद्या स्पर्धेत असे झाले असते तर काय गहजब झाला असता याची कल्पना वाचकांनीच करावी. १९६९ साली तर स्पेन, ब्रिटन, नेदरलँड्स आणि फ्रान्स असे चार देश समान गुणांनी पहिले आले, कारण बरोबरी सोडवण्याचा नियमच नव्हता. अशा अनुभवांतून शहाणे होत होत १९७५ साली आजची गुणपद्धती आली.

ती अशी आहे. प्रत्येक देश आपल्या पहिल्या पसंतीच्या गाण्याला १२ गुण देतो, दुसऱ्याला १० आणि तिसऱ्याला ८. पुढे ७, ६ असे उतरत दहाव्याला १. स्वतःच्या देशाला गुण देता येत नाहीत. २०२५ साली प्रत्येक देशाकडून असे दोन संच येत होते. एक पाच संगीत-व्यावसायिकांच्या परीक्षक मंडळाचा, दुसरा दूरध्वनी, लघुसंदेश वगैरे मार्गांनी मत देणाऱ्या जनतेचा. शिवाय स्पर्धेबाहेरच्या सगळ्या जगाची मते मिळून जनतेचा आणखी एक संच. म्हणजे आपणही पुण्यात बसून मत देऊ शकतो. पण त्याला पैसे पडतात म्हटल्यावर आम्ही कागदावरच समाधान मानले.

यातली खुबी नागपूरकराने प्रथम ओळखली. मते थेट मोजली तर आठ कोटींचा जर्मनी साडेपाच लाखांच्या माल्टाला कुठल्या कुठे बुडवील. पण येथे मतांचे रूपांतर आधी क्रमांकात होते आणि क्रमांकाचे गुणांत. त्यामुळे जर्मनीचे बारा आणि माल्टाचे बारा यांची किंमत एकच. याची दुसरी बाजूही आहे. त्या रात्री स्वित्झर्लंडला परीक्षकांनी २१४ गुण दिले आणि जनतेने शून्य. याचा अर्थ कोणी मतच दिले नाही असा नव्हे. एखादे गाणे प्रत्येक देशात अकरावे आले, तर हजारो मते पडूनही पदरी शून्यच येते. बिचारी यजमान गायिका! तो शून्य जाहीर झाला तेव्हा आमच्या खोलीतही क्षणभर कोणी बोलले नाही.

आम्हीही दोन याद्या केल्या होत्या. पहिली परीक्षक म्हणून, गाणे ऐकताना: स्वर, शब्द, सादरीकरण. दुसरी रसिक म्हणून, सव्वीसही गाणी झाल्यावर: उद्या पुन्हा ऐकावेसे कोणते वाटेल? पहिल्या यादीत बहुतेकांनी ऑस्ट्रियाच्या जेजेला वर ठेवले. हा ऑपेराच्या तालमीत तयार झालेला उंच पट्टीचा गायक. दुसऱ्या यादीत मात्र एस्टोनियाच्या टॉमी कॅशचे कॉफीवरचे विनोदी गाणे वर चढले, आणि त्याला सर्वांत जास्त गुण देणारा निघाला आमचा बेळगावकर! "अरे, ते चांगलं आहे असं मी म्हणतच नाही, पण डोक्यातून जात नाही त्याला काय करू?" असे तो म्हणाला.

प्रत्यक्ष निकालातही हाच पेच दिसला. ऑस्ट्रियाला परीक्षकांचे २५८ आणि जनतेचे १७८, मिळून ४३६ गुण, तोच विजयी. जनतेची पहिली पसंती इस्राएल होती: जनतेचे २९७, परीक्षकांचे अवघे ६०. एस्टोनियाला जनतेचे २५८, परीक्षकांचे ९८. अर्थात जनतेचे मत म्हणजे निव्वळ गाण्याचे मत, असेही नाही. ग्रीस आणि सायप्रस यांची एकमेकांना बारा गुण देण्याची रीत प्रसिद्ध आहे. शिवाय त्या वर्षी एका माणसाला वीस मते देता येत होती. त्यावर बरीच टीका झाली आणि २०२६ साठी ती मर्यादा दहावर आणण्यात आली.

आपल्याकडे दोन्ही टोके झाली आहेत. २००५ साली अभिजीत सावंत पहिला 'इंडियन आयडॉल' ठरला तो प्रेक्षकांच्या लघुसंदेशांवर. उलट पुरुषोत्तम करंडकात निर्णय परीक्षकांचा. २०२२ साली त्यांनी एकही एकांकिका करंडकास पात्र नाही असे ठरवले आणि करंडक कोणालाच दिला नाही. त्यावर कट्ट्याकट्ट्यावर किती दिवस वाद चालला! दोन्ही पद्धतींत एकाच बाजूचा कान ऐकतो.

पहाटे चार वाजून गेले होते. बेळगावकर एकदम म्हणाला, "संमेलनात तू मला मत का दिलं होतंस?"

आपल्या स्नेहसंमेलनातील गायनस्पर्धेचा निकाल श्रोत्यांच्या चिठ्ठ्यांवर लागला होता. तो पहिला आला. त्याच्या आधी प्रथम वर्षाच्या एका मुलीने भैरवी म्हटली होती. ती सरस झाली हे मला तेव्हाच कळले होते. तरी मी चिठ्ठीवर लिहिले मित्राचे नाव. ही गोष्ट मी येथे प्रथमच कबूल करतो आहे. "मलाही ते ठाऊक होतं," तो म्हणाला, "म्हणून तर ढाल घरी नेली नाही. खोलीतच आहे, पलंगाखाली."

म्हणून प्राध्यापकांपुढे आणि विद्यार्थिमित्रांपुढे एक सूचना ठेवतो. येत्या संमेलनात निम्मे गुण परीक्षकांचे असावेत, निम्मे श्रोत्यांचे. श्रोत्यांच्या चिठ्ठ्या वर्गवार मोजाव्यात आणि प्रत्येक वर्गाने बारापासून एकपर्यंत गुण द्यावेत, म्हणजे एम. ए. तत्त्वज्ञानाच्या नऊ जणांचा शब्द प्रथम वर्षाच्या दोनशेंइतकाच वजनदार ठरेल. आणि आपल्या वर्गाला कोणी गुण देऊ नयेत. बेळगावकर माझ्याच वर्गातला. हा नियम असता तर माझी चिठ्ठी बाद झाली असती, आणि ते योग्यच झाले असते.

या नियमांनी मैत्री आड यायची थांबणार नाही. दुसऱ्या वर्गातही मित्र असतातच. ग्रीस आणि सायप्रस आपल्याकडेही आहेत. पण चिठ्ठीवर नाव लिहिताना हात क्षणभर थबकला, तरी पुष्कळ झाले.